पाचव्या थरावरची टाइमप्लीज

आम्ही चौघं भेटलो की एक गोष्ट सांगितली जातेच. ती माझी गोष्ट आहे, पण सांगतात बाकीचे. मी ऐकतो आणि जिथे हसायचं तिथे हसतो.

गोष्ट अशी. मी आठ वर्षांचा होतो आणि वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत माझ्याइतका हलका पोरगा दुसरा नव्हता. म्हणून दहीहंडीच्या सरावात मला सगळ्यात वर चढवलं. पाच थर. वर पोचलो, मूठ ओठांना लावली आणि खाली ओरडलो, “टाइमप्लीज!”

बस, एवढीच गोष्ट. ज्यांचं बालपण मैदानात गेलं त्यांना यातला विनोद सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पकडापकडी असो, लगोरी असो, डबा ऐसपैस असो, कोणाची चप्पल तुटली, कोणाला शू लागली, तर त्याने मूठ ओठांना लावून टाइमप्लीज म्हणायचं. मग त्याला कोणी आउट करायचं नाही. हा नियम रडी खेळणारेही पाळायचे. ज्याची बॅट त्याचीच बॅटिंग, असले दादागिरीवालेसुद्धा पाळायचे. मोठा झाल्यावर मी पुष्कळ कायदे वाचले, पण इतका मनापासून पाळलेला एकही नियम मला पुन्हा दिसला नाही. आणि हा येडा मैदानातला नियम घेऊन थरावर गेला, म्हणून लोक अजून हसतात. वसाहतीत माझं खरं नाव माहीत नसलेली माणसं आहेत, पण ही गोष्ट माहीत नसलेलं कोणी नाही.

आमच्या घरी खरं तर तो सण नव्हता. आमच्याकडे जयंती असायची, निळे झेंडे असायचे. मला न्यायला पथकाची मंडळी दारात आली तेव्हा वडील म्हणाले, आपलं काय काम तिथे? आई म्हणाली, जाऊ द्या, पोरं आहेत. मला आत घेताना पथकाने जात विचारली नाही, वजन विचारलं. तेव्हा मला याचा अभिमान वाटलेला. आता वाटतं, पोत्याचंही वजनच विचारतात.

हे सगळं गेल्या श्रावणातल्या एका रविवारी पुन्हा निघालं. गोकुळाष्टमी तोंडावर आलेली. सकाळची वेळ, मैदानाच्या कडेची चहाची टपरी, आणि आम्ही चौघं.

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. एक लिफ्टवाला. टॉवरच्या लिफ्ट दुरुस्त करतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि आता आमच्या पथकाचा प्रशिक्षक. पोरं त्याला मास्तर म्हणतात. दुसरा नकल्या. मॉलमध्ये मोबाइल विकतो, पण त्याचा खरा धंदा लोकांचे आवाज काढणं. तिसरी आमची मैत्रीण, लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्याला गेलेली. आईला भेटायच्या निमित्ताने रविवारी येते आणि आईकडे जायच्या आधी टपरीवर येते. चौथा मी. मी पत्रकं लिहितो. आमची संघटना म्हणजे सात-आठ जण आणि एक ओळखीचा झेरॉक्सवाला. फुटपाथ, पाणी, शाळेसमोरचा कचरा, जे दिसेल त्यावर लिहितो.

“काय म्हणतंय मानपाडा?” नकल्याने विचारलं.

“धूळ म्हणतंय,” मैत्रीण म्हणाली. “आमच्याकडे रस्ता आहे की नाही हा आता श्रद्धेचा विषय झालाय.”

“आणि तुमचे साहेब?”

“टर्फवर. पैसे भरून क्रिकेट खेळतात, दर रविवारी. लहानपणी फुकट खेळायचे तेव्हा सासूबाई झाडू घेऊन आणायला जायच्या म्हणे.”

“मी रविवारी झोपतो,” नकल्या म्हणाला. “तो माझा छंद आहे. आज तुमच्यासाठी छंद सोडून आलोय, कदर करा.”

लिफ्टवाला काल एका टॉवरमध्ये गेलेला. तिथले सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये उड्या मारून दाखवत होते, बघा कशी हलते. “मी म्हटलं, काका, आधी बाहेर या, मग हलू दे तिला.” आम्ही हसलो. चहा चांगला झालेला. मैदानात पोरं कंबरेला पट्टे बांधत होती. कंबरेला ओढणी किंवा जुनी साडी घट्ट आवळून बांधतात, वर चढणाऱ्याला पाय रोवायला. लिफ्टवाल्याची मुलगी कठड्यावर बसून स्वतःच्या कंबरेला तसाच पट्टा गुंडाळत होती. मला वाटलं, पोरगी खेळतेय.

“गेल्या वर्षीचा वरचा पोरगा कुठाय?” मी विचारलं.

“तो वाढला रे. मिशी फुटायला आलीय. वजन बघ त्याचं.”

“मग यंदा वर कोण?”

लिफ्टवाल्याने ग्लासात फुंकर मारली आणि हनुवटीने कठड्याकडे दाखवलं. “आपलीच.”

मी ग्लास खाली ठेवला. “ती नऊ वर्षांची आहे.”

“तू आठचा होतास.”

“म्हणूनच सांगतोय.”

“आलं पत्रक,” नकल्या म्हणाला. आणि माझ्या आवाजात, “जागे व्हा! कृपया वाचा आणि पुढे द्या!”

“वयाची अट आहे,” मी म्हटलं.

“असू दे की. टेंभी नाक्याच्या हंडीला जन्मदाखला कोण बघतोय? वर दोरी असते, हेल्मेट असतं.”

“इथे कुठाय? इथे एक गादीसुद्धा नाही.”

“इथे आम्ही आहोत ना.”

हे ‘आम्ही आहोत ना’ माझ्या डोक्यात गेलं. या शहरात ज्या ज्या ठिकाणी गादी नसते त्या त्या ठिकाणी कोणीतरी छातीवर हात ठेवून हेच म्हणत असतो. मंडपाच्या लोंबणाऱ्या वायरीखाली हेच. शाळेच्या रिक्षात एकावर एक बसवलेल्या पोरांनाही हेच. आणि काही झालं की ‘आम्ही’ नावाचा माणूस सापडत नाही.

मी म्हटलं, “तू लिफ्टमध्ये माणूस घालायच्या आधी काय करतोस? रिकामी चालवून बघतोस. ब्रेक तपासतोस. इथे ब्रेक कुठला?”

“ब्रेक मी.” त्याने गळ्यातली शिटी उचलून दाखवली. “मी फुंकल्याशिवाय कोणी उठत नाही.”

थर बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चढणं अवघड. चढणं काहीच नाही. वरचे थर बसलेले असतात. त्यांच्या खांद्यावर चढायचं, तोल धरायचा. मग शिटी वाजते आणि ते सगळे एकाच वेळी उभे राहतात. भीती तिथे असते. ज्याच्यावर तुम्ही उभे आहात ती जमीनच उठायला लागते.

“घरात विचारलंस?” मैत्रिणीने विचारलं.

“तिची आई हो म्हणालीय. म्हणजे, नाही म्हणाली नाही.”

“वा.”

“अगं, मला चढायचंय,” असं म्हणत मुलगीच कठड्यावरून उतरली आणि आमच्यात येऊन उभी राहिली. “मावशी, मला कोणी जबरदस्ती केलेली नाहीये. काका, तुम्ही पप्पांना ओरडू नका.”

लिफ्टवाला माझ्याकडे बघून हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो रागावलेला होता आणि मीही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता मैदानाकडे बघत बसलो. मैत्री तुटायची असेल तर अशीच तुटत असावी, चहा पिता पिता, असं मला वाटून गेलं.

ताण मोडायला नकल्याने गोष्ट काढली. त्याच्याकडे दुसरं औषध नाही. “ये इकडे, तुला तुझ्या काकांचा पराक्रम सांगतो.” आणि सुरू झाला. माझा बारीक आवाज, जुन्या मास्तरांचा खरखरीत आवाज, खाली थरथरणाऱ्या माणसांचं कण्हणं, सगळं केलं. मूठ ओठांना लावून “टाइमप्लीज!” केलं तेव्हा टपरीवालासुद्धा हसला. मीही हसलो, सवयीने.

मुलगी हसली नाही. “मग?”

“मग काय? सगळे हसलो.”

“पण मग थांबवलं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. गोष्ट हशावर संपायची, आणि हशा झाल्यावर मी वर काय करत होतो याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

“नाही थांबवलं,” मैत्रीण म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

“मी आमच्या गॅलरीत होते. दुसऱ्या मजल्यावर. वाळलेले कपडे काढत होते. हा चढून माझ्यासमोर आला. अगदी समोर. हात लांब केला असता तर लागला असता.” ती ग्लासाकडे बघून बोलत होती. “हा म्हणाला टाइमप्लीज. खाली सगळे हसले. ह्याचं तोंड उघडं, आवाज नाही. आणि मग हा माझ्यासमोरून अजून वर गेला.”

तिने हे बघितलेलं मला माहीत नव्हतं. आमच्या इतक्या रविवारांत तीही हसायची. पण मला बोलायचं होतं ते लिफ्टवाल्याशी. त्या दिवशी मी ज्याच्या खांद्यावर उभा होतो तो हा लिफ्टवाला. चौदा वर्षांचा. माझे पाय त्याच्या घामाने सटकत होते, मी त्याचे कान धरलेले. मी टाइमप्लीज म्हटलं तेव्हा त्याची मान एकदम ताठ झाली, हे मला माझ्या पायाच्या नडग्यांना कळलं. मग शिटी वाजली आणि तो उठला. आम्ही उठलो, सलामी झाली, म्हणजे वर हात करून नमस्कार झाला. थर नीट उतरले, कोणाला खरचटलं नाही. म्हणून तर तो विनोद झाला. पडलो असतो तर बातमी झाली असती.

“तू ऐकलेलंस?” मी विचारलं.

“शिटी वाजली, उठलो. खालचे थरथरत होते. मी बसून राहिलो असतो तर सगळे आले असते खाली.”

“ते मला माहितीये. तू ऐकलेलंस का, एवढंच विचारतोय.”

त्याने शिटीची दोरी बोटाला गुंडाळली. “ऐकलेलं,” म्हणाला.

“पप्पा, मी म्हटलं तर?” मुलीने विचारलं.

“तू म्हणणारच नाहीस. तू माझी वाघीण आहेस.”

“पण म्हटलं तर?”

मैदानातून हाक आली, “मास्तर, चला की! ऊन चढतंय!” आणि तो उठून गेला. मुलगी त्याच्या मागे पळाली.

मी घरी जायला हवं होतं. निषेध म्हणून जायचं ठरवलंही. पण निघून गेल्याने खाली गादी येत नाही. मी जाऊन घेऱ्यात उभा राहिलो, म्हणजे थरांच्या बाहेर हात वर करून उभे असतात त्या माणसांत. पडणाऱ्याला झेलायला. नकल्याही आला, एकही नक्कल न करता. मैत्रीण आईच्या घरी गेली आणि थोड्या वेळाने तिच्या त्याच गॅलरीत दिसली. या वेळी ती तिथे कपडे काढायला गेलेली नव्हती.

पहिला थर लागला, दुसरा, तिसरा. चौथ्या थरावर एकटा कॉलेजचा पोरगा बसला. मग मुलगी निघाली. मांडीवर पाय, कंबरेच्या पट्ट्यात पाय, खांद्यावर पाय. चढताना ती सुंदर दिसत होती, हे मी लिहायला नको, पण खरं आहे. तिचे पाय कुठेच चाचपडले नाहीत. ती त्या पोराच्या खांद्यांवर जरा वाकून उभी राहिली, एक हात त्याच्या डोक्यावर. आता फक्त शिटी.

लिफ्टवाला बाहेर उभा होता, शिटी दातांत. मी त्याच्याकडे बघत होतो, म्हणून वर काय झालं ते मला उशिरा कळलं. कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. मान वर केली. मुलीने दुसऱ्या हाताची मूठ ओठांना लावलेली होती. तोंडातून शब्द नाही. फक्त मूठ, आणि नजर सरळ बापाकडे.

“पोझ देतेय!” कोणीतरी ओरडलं. “फोटो काढा रे!”

खालच्या थरातून आवाज आला, “मास्तर, फुंका!” मग दुसरा, शिवी घालून. खालच्यांचे गुडघे हलायला लागलेले. मला ते दिसत होते. त्यालाही दिसत होते. शिटी त्याच्या दातांत होती आणि त्याचे गाल आत गेलेले, श्वास घेतलेला माणूस असतो तसे. मी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडलो असतो तर वरच्या पोराने दचकून काय केलं असतं? मी हात वर धरून नुसता उभा राहिलो.

त्याने शिटी तोंडातून काढली. “उतरा,” म्हणाला. ओरडला नाही. मग जोरात, “उतरवा तिला! सावकाश!”

ती उतरली. थर उतरले. आणि मग कल्ला झाला. “खांदे गेले आमचे!” “झालं काय पण?” टी-शर्ट देणारे मंडळाचे दादा खुर्चीवरून उठून आले. “मास्तर, पोरगी तर मस्त उभी होती. कशाला उतरवलीत?”

लिफ्टवाला मुलीसमोर गुडघ्यावर बसला. “घाबरलीस?”

“नाही.”

“मग?”

“बघितलं, थांबवता का.” ती धापा टाकत होती, पण चेहरा उजळलेला. “थांबवलंत! आता चढते. आता सलामी देते, बघाच.”

सगळे हसले, दादा तर सगळ्यात जास्त. मला वाटलं, संपलं. मी हरलो. तिने बापाची परीक्षा घेतली, बाप पास झाला, आता ती आनंदाने चढणार आणि माझं पत्रक रद्दीत. त्याचा मला राग आला आणि तिला बघून आनंदही झाला, आणि दोन्हीचा एकदम राग आला.

“नको,” लिफ्टवाला म्हणाला.

“का? थांबवलंत ना तुम्ही?”

“इथे थांबवलं.” तो दादांशी बोलत नव्हता, माझ्याशीही नाही. “नाक्यावर स्पीकरच्या भिंती असतात. तिथे माझी शिटी मलासुद्धा ऐकू येत नाही. तिथे तू मूठ दाखवलीस तर मी काय करू?”

तिने पट्टा सोडला आणि जमिनीवर आपटला. “हे काकांमुळे!” म्हणाली. रडत घराकडे गेली. माझ्याशी ती अजून धड बोलत नाही. न्याय्य आहे. तिची जागा गेली आणि तिच्या बाजूने कोणीच नव्हतं, मीसुद्धा नाही.

लिफ्टवाला टपरीवर आला. “खूश?”

“नाही.”

“मग गप बस जरा.”

बसलो.

संध्याकाळपर्यंत दादांनी दुसरी मुलगी शोधली. समोरच्या इमारतीतली, हिच्याच वर्गातली. शिटीही दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घातली. शिटी काही दुर्मीळ वस्तू नाही. मी दुसऱ्या दिवशी पत्रकं घेऊन त्या मुलीच्या घरी निघालो. खाली जिन्याशी लिफ्टवाला भेटला. कामाचे कपडे, हाताला ग्रीस.

“कुठे निघालास?”

“माहितीये तुला.”

तो माझ्या मागून जिना चढू लागला.

दार मुलीच्या आईने उघडलं. हात पिठाचे. आत सोफ्याच्या हातावर ती मुलगी एका पायावर उभी होती, दोन्ही हात पसरून, तोल धरत. मी नमस्कार केला, पत्रक पुढे केलं. आईने ते घेतलं नाही, पिठाचे हात दाखवले. मग माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि तिला हसू फुटलं.

“अय्या, तुम्हीच ना ते? टाइमप्लीजवाले? आमच्या ह्यांनी सांगितलेलं मला.”

माझं तोंड सवयीने हसायला लागलेलं. मी ते आवरलं. “हो, मीच. त्याच्या पुढचं सांगितलंय का कोणी तुम्हाला?”

“पुढे काय असतं त्यात?”

मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात मागे चपला काढल्याचा आवाज आला. लिफ्टवाला मला बाजूला सारून उंबऱ्यापाशी आला.

“वहिनी, पाच मिनिटं बसू का?” तो म्हणाला. “पुढचं मी सांगतो. हा माझ्या खांद्यावर होता.”